ओव्हरक्लॉक केला, आकडा वाढला, मग स्पीड गेला कुठे?

स्वतः एकेक पार्ट निवडून, स्वतः स्क्रू पिळून पीसी बांधला, रात्री बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, शिरून मल्टिप्लायर वाढवला, म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या स्पीडच्या वर पळवायला लावलं, यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात, विंडोज सुरळीत सुरू झालं, ४.८ गिगाहर्ट्झ असं झळकलं, आणि मग हौसेने रेंडर, म्हणजे ३डी सीनचं चित्र बनवायचं काम, लावला तर जवळपास तेवढाच वेळ. गेम लावला तर तेच एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढ्याच फ्रेम. हे ज्याच्यासोबत झालंय त्याला माहितीये की त्यापेक्षा ब्लू स्क्रीन आली असती तर बरं वाटलं असतं, निदान काहीतरी बिघडलंय एवढं तरी कळलं असतं.

अशा वेळी पहिला संशय चिपवर जातो, आपल्याच नशिबी फडतूस चिप आली म्हणून. चिप-चिपमध्ये फरक असतो हे खरंय, एकाच मॉडेलच्या दोन चिप घेतल्या तर एक कमी व्होल्टेजवर जास्त पळते आणि दुसरी धापा टाकते, यालाच सिलिकॉन लॉटरी म्हणतात. पण लॉटरीला दोष द्यायची वेळ फार शेवटी येते. त्याआधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या: बायोसमध्ये टाकलेला आकडा हा अर्ज असतो, मंजुरी नसते. तो अर्ज तापमानाच्या टेबलावरून जातो, पॉवर लिमिटच्या टेबलावरून जातो, मग करंट लिमिट, एव्हीएक्स ऑफसेट, मदरबोर्डवरची व्हीआरएम (या दोघांचं पुढे सांगतो), सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि यातल्या एकाने जरी हात आखडता घेतला तरी प्रोसेसर गुपचूप खाली येतो, तुम्हाला सांगतसुद्धा नाही. आपलं काम एवढंच की फाइल कुठल्या टेबलावर अडकलीय ते शोधायचं.

माझंच सांगतो. माझ्याकडे इंटेलचा आय७ ८७००के होता, २०१७ चा, सहा कोअरचा. सगळे कोअर लोडवर, म्हणजे जड कामाला जुंपलेले, असताना तो मूळचा ४.३ गिगाहर्ट्झला चालतो. मोजमापासाठी मी ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमधला एकच सीन बाजूला काढून ठेवलेला, ४.३ ला तो ६ मिनिटं १० सेकंदांत व्हायचा. आता ४.३ चे ४.८ केले म्हणजे साधारण साडेअकरा टक्के वाढ, त्रैराशिक मांडलं तर तोच सीन साडेपाच मिनिटांत उरकायला हवा. झाला ६ मिनिटं २ सेकंदांत. म्हणजे तीस-चाळीस सेकंद तरी वाचतील म्हणून बसलो होतो आणि हातात पडले आठ. त्या आठ सेकंदांची गोष्ट पुढे सांगतो, पण आधी मोजायचं कसं ते बघू, कारण निम्मे लोक इथेच चुकतात.

मोजल्याशिवाय बोलू नका

डेस्कटॉपवर काहीच चालू नसताना क्लॉक, म्हणजे फ्रिक्वेन्सी, बघायचा आणि "अरे हा तर ८०० मेगाहर्ट्झ दाखवतोय, ओव्हरक्लॉक लागलाच नाही" म्हणून घाबरायचं, हे फार कॉमन आहे. काम नसताना प्रोसेसर मुद्दाम खाली येतो, वीज वाचवतो, त्यात काही बिघाड नाही. क्लॉक बघायचा तो लोडवर. तसंच ४.७ लावले आणि ४.६९ दिसतायत ही तक्रार पण सोडून द्या. फ्रिक्वेन्सी म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर, बेस क्लॉक साधारण १०० मेगाहर्ट्झ असतो पण बरेच बोर्ड तो ९९.८ च्या आसपास हलवत ठेवतात, स्प्रेड स्पेक्ट्रम नावाच्या सेटिंगमुळे, मग ४७ गुणिले ९९.८ चे ४६९० होतात, एवढंच.

मोजायला एचडब्ल्यूइन्फो लागतं, फुकट आहे, सेन्सरची खिडकी उघडायची आणि लोड सुरू झाल्यावर रीसेटचं बटण दाबायचं म्हणजे आधीचा कचरा निघून जातो. त्यात चार कॉलम असतात, आत्ताचा आकडा, किमान, कमाल आणि सरासरी. सगळे कमाल बघतात. कमाल म्हणजे एका क्षणापुरता आलेला आकडा, त्याला काही अर्थ नाही. दहा मिनिटं लोड द्या आणि सरासरी बघा, कोअर क्लॉकची सरासरी जर ४.८ ऐवजी ४.४५ असेल तर प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. त्याच खिडकीत खाली थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे स्पीड कमी करणं), पॉवर लिमिट एक्सीडेड अशा ओळी असतात, समोर हो किंवा नाही. त्यातली एकही "हो" झाली असेल तर कुठलं टेबल ते कळतं.

बेंचमार्क एकदाच चालवून निष्कर्ष काढू नका हेही सांगतो, तीनदा चालवा. मागे अपडेट डाउनलोड होत असेल, अँटिव्हायरस जागा झाला असेल तर दोन टक्के इकडचे तिकडे होतात, आणि आपण भांडतोय ते पाच-दहा टक्क्यांसाठीच. आणि मूळ सेटिंगवरचा आकडा ओव्हरक्लॉक करण्याआधीच लिहून ठेवा बरं, नंतर आठवणीतून तुलना करायला गेलात तर काही खरं नाही.

पूर्वीसारखं फुकट आता मिळत नाही

थोडं मागे जाऊया, कारण निराशेचं एक कारण जुन्या गोष्टींमध्ये आहे. १९९८ चा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर होता, त्याचा बस (तेव्हाचा बेस क्लॉक) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चे सरळ ४५० मेगाहर्ट्झ व्हायचे, दीडपट. २०११ च्या आय५ २५००के चा टर्बो, म्हणजे तो आपणहून गाठतो तो कमाल स्पीड, ३.७ होता आणि बऱ्यापैकी एअर कूलरवर लोक तो आरामात ४.५ ला चालवायचे. कंपनी तेव्हा चिपमध्ये भरपूर जागा शिल्लक ठेवून विकायची, ती जागा आपण खायचो.

आता ती जागा कंपनीच टर्बोच्या नावाने खाऊन मोकळी होते. आय९ ९९००के बघा, एक-दोन कोअर चालू असताना तो मूळचाच ५ गिगाहर्ट्झला जातो आणि सगळे कोअर चालू असताना ४.७ ला. तुम्ही मोठ्या मेहनतीने सगळे कोअर ५ ला लॉक केले तर सगळे कोअर वापरणाऱ्या कामात सहा-साडेसहा टक्के मिळतील, आणि एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात शून्य, कारण तिथे ५ आधीच होते. म्हणजे ओव्हरक्लॉक अगदी बरोबर झालाय, फक्त अपेक्षा २०११ ची आहे. त्यात काही मदरबोर्ड मल्टिकोअर एन्हान्समेंट नावाचं सेटिंग आधीच चालू ठेवून येतात, म्हणजे सगळे कोअर पहिल्या दिवसापासून कमाल टर्बोवर. तुम्ही ज्याला मूळ स्पीड समजून तुलना करताय तोच ओव्हरक्लॉक असतो. ते सेटिंग बंद करून एकदा मोजा, मग खरा फरक दिसेल.

आणि एक अगदी प्राथमिक गोष्ट, उरकून टाकतो. इंटेलमध्ये मल्टिप्लायर वाढवायला नावात के असलेला प्रोसेसर लागतो आणि सोबत झेड सिरीजचा चिपसेट, बी किंवा एच सिरीजच्या बोर्डवर के चिप लावली तरी मल्टिप्लायर टर्बोच्या वर नेता येत नाही. एएमडीचे रायझन प्रोसेसर जवळपास सगळे उघडे असतात, ५८००एक्स३डी सारखे अपवाद सोडून, पण बोर्ड ए३२० किंवा ए५२० असेल तर तिथेही रस्ता बंद.

उष्णतेचं गणित

आता मुख्य दुखणं. प्रोसेसर किती वीज खातो हे दोन गोष्टींवर ठरतं, फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज, पण व्होल्टेजचा त्यात वर्ग होतो. फ्रिक्वेन्सी दहा टक्के वाढली तर वीज दहा टक्के वाढते, व्होल्टेज दहा टक्के वाढलं तर वीज एकवीस टक्के वाढते. आणि फ्रिक्वेन्सी वाढवायची तर व्होल्टेज वाढवावंच लागतं, म्हणजे दोन्हीकडून मार.

माझ्या मशीनवर मूळचं व्होल्टेज लोडवर १.२० च्या आसपास असायचं. ४.८ करताना मी व्होल्टेज "ऑटो" वर सोडलं होतं, आणि बोर्डाने उदार होऊन १.३८ दिलं. बोर्डाचंही चुकत नाही, त्याला तुमची चिप चांगली का वाईट माहीत नसतं, तो आपला सगळ्यात वाईट चिपसुद्धा चालली पाहिजे या हिशोबाने ओततो. आता १.३८ भागिले १.२० चा वर्ग केला की १.३२ येतात, त्याला फ्रिक्वेन्सीच्या १.११६ ने गुणलं की जवळपास १.४८. म्हणजे स्पीड साडेअकरा टक्के वाढवायला मी जवळपास अठ्ठेचाळीस टक्के जास्त उष्णता निर्माण करत होतो, त्याच कूलरखाली, त्याच कॅबिनेटमध्ये. मग इंटेलच्या १०० डिग्रीच्या भिंतीला डोकं आपटलं की प्रोसेसर मल्टिप्लायर खाली आणतो, गार झाला की वर नेतो, परत तापतो, ये रे माझ्या मागल्या.

पण गंमत म्हणजे माझ्या केसमध्ये पहिला चोर उष्णता नव्हता. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान ९५-९६ दिसत होतं, १०० ला क्वचितच टेकत होतं, आणि तरीही सरासरी क्लॉक ४.४ च्या थोडा वर. बराच वेळ डोकं खाजवलं. मग आठवलं की महिन्याभरापूर्वी कुठल्याशा गाइडमध्ये वाचून मी एव्हीएक्स ऑफसेट ३ ठेवला होता आणि विसरून गेलो होतो. एव्हीएक्स म्हणजे प्रोसेसरच्या जड गणितासाठीच्या खास सूचना, त्या चालू झाल्या की चिप जास्त तापते, म्हणून बोर्ड त्या वेळेपुरता मल्टिप्लायर तितक्या पायऱ्या कमी करतो. ब्लेंडर त्या सूचना भरपूर वापरतो. म्हणजे ब्लेंडरपुरता माझा प्रोसेसर ४.८ चा कधी नव्हताच, ४.५ चाच होता, आणि त्यात मधूनमधून उष्णतेने आणखी थोडं खाली. तुमच्या बाबतीत साध्या बेंचमार्कमध्ये क्लॉक टिकतो पण रेंडर किंवा व्हिडिओ एन्कोडिंगमध्ये अचूक दोनशे-तीनशे मेगाहर्ट्झ खाली जातो असं होत असेल, तर आधी हे सेटिंग उघडून बघा.

ऑफसेट शून्य केला आणि आगीतून फुफाट्यात. आता लोड सुरू झाल्यावर वीस सेकंदांत १००, थर्मल थ्रॉटलिंगसमोर "हो", आणि वेळ आला ६ मिनिटं ५ सेकंद, म्हणजे आधीपेक्षा जास्तच. म्हटलं कूलर काढूनच बघू. कूलर उचलला तर चिपच्या धातूच्या झाकणावर थर्मल पेस्टचा, म्हणजे चिपची उष्णता कूलरपर्यंत पोचवणाऱ्या लेपाचा, थर एका बाजूला अगदी पातळ, जवळजवळ पारदर्शक, आणि समोरच्या कोपऱ्यात जाड, पांढराशुभ्र, टोकं उभी राहिलेली, जसा ट्यूबमधून पडला तसाच. म्हणजे तिथे कूलर टेकलाच नव्हता. चार स्क्रूंपैकी एक मी अर्धाच पिळला होता. बांधताना एका कोपऱ्यातला स्क्रू आधी पूर्ण पिळला की समोरचा कोपरा उचलला जातो, म्हणून तिरक्या जोडीने थोडं थोडं पिळायचं असतं, हे मी दुसऱ्यांना सांगत असतो. असो.

कूलर उघडलाच आहे तर खालची प्लास्टिकची फिल्म काढलीय का तेही बघा, हसू नका, ती राहते. लिक्विड कूलर असेल तर पंपाची वायर बोर्डवरच्या कुठल्या हेडरला (पिनांच्या जोडणीला) आहे ते बघा, साध्या फॅनच्या हेडरला लावली आणि तिथे तापमानानुसार वेग कमी-जास्त करणारा कर्व्ह असेल तर पंप पण अर्ध्या वेगाने फिरत बसतो. पंप पूर्ण वेगाने चालला पाहिजे. एक पाइप गरम आणि दुसरा गार, आणि तरी लोड दिल्यादिल्या तापमान शंभरी गाठतंय, तर पाणी फिरतच नाहीये असा संशय घ्या.

नवीन पेस्ट, नीट पिळलेले स्क्रू, आणि तापमान ८-९ डिग्री उतरलं. तरी ४.८ ला १.३८ व्होल्टवर ते टिकेना, आणि त्याला एक कारण त्या पिढीचंच होतं. या चिपमध्ये झाकणाखाली सोल्डर नसून पेस्टच आहे, इंटेलने २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून मुख्य डेस्कटॉप चिपमध्ये ते सुरू केलं आणि २०१८ च्या ९९००के ला पुन्हा सोल्डर दिलं. मधल्या काळातल्या चिप वरून कितीही मोठा कूलर लावा, आतूनच उष्णता बाहेर यायला कुरकुर करतात. मग शेवटी मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं, ऑटो बंद करून व्होल्टेज हाताने १.३० लावलं आणि मल्टिप्लायर एक पायरी खाली, ४७. तेच वरचं गणित परत मांडलं तर उष्णतेची वाढ अठ्ठेचाळीसवरून अठ्ठावीस टक्क्यांवर येते. तापमान ८६ ला स्थिर, सरासरी क्लॉक सपाट ४.६९, आणि सीन ५ मिनिटं ३९ सेकंदांत. ४.८ मागितले तेव्हा ६ मिनिटं २ सेकंद, ४.७ मागितले तेव्हा ५:३९. आकडा कमी लिहिला आणि स्पीड जास्त मिळाला.

तापमान बरं असताना क्लॉक पडतो तेव्हा

चिप ७० डिग्रीवर निवांत आहे आणि क्लॉक मात्र कोसळतोय, अशा वेळी नवीन पेस्ट लावत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. इथे दोन संशयित. एक पॉवर लिमिट. इंटेलच्या चिपला दोन मर्यादा असतात, थोड्या वेळासाठी मोठी आणि नंतर कायमची लहान. आय९ १०९००के चं इंटेलने ठरवलेलं गणित असं की ५६ सेकंदांपर्यंत २५० वॅट, नंतर १२५. त्यामुळे एक मिनिटात संपणारा बेंचमार्क झकास येतो आणि अर्ध्या तासाचा रेंडर रडत चालतो. ही ओळख पक्की लक्षात ठेवा: सुरुवातीला ठराविक वेळ चांगलं आणि मग एकदम एक पायरी खाली, घड्याळ लावल्यासारखं, तर पॉवर लिमिट. बरेच बोर्ड या मर्यादा आपणहून वाढवून देतात, सगळे नाही, बायोसमध्ये आकडा बघून घ्या आणि कूलर झेपत असेल तेवढाच वाढवा.

दुसरा संशयित व्हीआरएम, म्हणजे मदरबोर्डवरचा तो भाग जो पॉवर सप्लायच्या १२ व्होल्टचे सव्वा-दीड व्होल्ट करून प्रोसेसरला देतो. हा सुद्धा तापतो, आणि फार तापला की बोर्ड प्रोसेसरला बाहेरून दम देतो की थांब. तेव्हा क्लॉक शंभर-दोनशेने नाही पडत, थेट एक-दीड गिगाहर्ट्झच्या खाली जाऊन परत वर येतो, आणि गेममध्ये अचानक झटका बसतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोकहॉट एक्स्टर्नल अशा अर्थाची ओळ पेटते. स्वस्त बोर्डवर आठ-दहा कोअरची चिप ओव्हरक्लॉक केली की हे होतं, आणि एअर कूलर काढून लिक्विड कूलर लावल्यावर तर हमखास होतं, कारण एअर कूलरच्या फॅनची हवा जाता जाता व्हीआरएमलाही मिळत होती, ती बंद झाली. तिथे एक छोटा फॅन रोखून बघा, फरक पडला तर निदान पक्कं. बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली आठ पिनची पॉवर वायर पूर्ण बसलीय का तेही बघा, ती चार-चारच्या दोन तुकड्यांत येते आणि अर्धीच लावलेली मी पाहिलीय, पीसी त्याच्यावरही सुरू होतो.

वर जातच नाही, मध्येच मरतो

आता उलटी तक्रार, म्हणजे क्लॉक टिकणं दूरच, लोड दिला की ब्लू स्क्रीन. क्लॉक वॉचडॉग टाइमआउट किंवा व्हिया अनकरेक्टेबल एरर असं काही लिहून आलं तर बहुतेक वेळा कोअरला व्होल्टेज कमी पडतंय. ब्लू स्क्रीनसुद्धा न येता दिवा गेल्यासारखा पीसी बंद होऊन रीस्टार्ट झाला तर पॉवर सप्लाय किंवा बोर्डचं करंट प्रोटेक्शन बघा.

इथे लोक म्हणतात की व्होल्टेज तर पुरेसं दिलंय. दिलंय, पण पोचतंय का? मिक्सर लावला की घरातला दिवा क्षणभर मंद होतो ना, तसंच, प्रोसेसरने एकदम करंट ओढला की व्होल्टेज खाली बसतं. बायोसमध्ये १.३० लिहिलेलं असतं आणि लोडवर १.२२ च हातात येतं. याला व्हीड्रूप म्हणतात आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो, कारण लोड अचानक गेला की व्होल्टेज उसळी मारतं, त्या उसळीला जागा हवी. लोडलाइन कॅलिब्रेशन हे सेटिंग हा खड्डा भरून काढतं. पण ते सगळ्यात कडक पायरीवर ठेवू नका, खड्डा भरतो आणि उसळी डोक्यावर बसते. मी मधली पायरी घेतो आणि लोडवरचं व्होल्टेज बघून बायोसमधला आकडा ठरवतो. आणखी एक घोळ म्हणजे पायऱ्यांचे नंबर, काही बोर्डवर १ म्हणजे सगळ्यात कडक आणि काहींवर ८, त्यामुळे दुसऱ्याच्या बोर्डचं सेटिंग आंधळेपणाने उचलू नका, बायोसमध्ये शेजारी छोटा आलेख काढलेला असतो तो बघा. आणि बघताना व्हीकोअर बघा, व्हीआयडी नाही, व्हीआयडी म्हणजे चिपने मागितलेलं, मिळालेलं नव्हे.

रॅमचं एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर केलेल्या स्पीडला चालवणारं सेटिंग) आणि प्रोसेसरचा ओव्हरक्लॉक एकाच रात्री चालू करणारा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. क्रॅश झाला तर कुणामुळे हे कसं कळणार? आधी प्रोसेसर मूळ सेटिंगवर ठेवून एक्सएमपी तपासा, ते पास झालं की मग मल्टिप्लायरला हात लावा. एका वेळी एकच गोष्ट, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही. इंटेलवर कॅशे किंवा रिंग रेशो नावाचा वेगळा मल्टिप्लायर असतो, तो आधी मूळ जागी राहू द्या, त्याने फायदा नगण्य आणि क्रॅश भरपूर.

क्रॅश होत नाही म्हणजे स्थिर आहे असंही नाही. प्राइम९५ हा प्रोसेसरला राबवून तपासणारा प्रोग्राम लावून झोपलात आणि सकाळी पीसी चालू दिसला तरी आत बघा, बारा वर्करपैकी अकरा चालू आणि एक चूक सापडून गुपचूप थांबलेला असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरच्या नोंदी दिसत असतील तर प्रोसेसर चुका करून आपल्याच आपण दुरुस्त करतोय, त्या ओव्हरक्लॉकवर महत्त्वाचं काम करू नका. आणि ज्यांचा प्रोसेसर मूळ सेटिंगवरच क्रॅश होतो, विशेषतः इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे वरचे मॉडेल, त्यांनी ओव्हरक्लॉक विसरून आधी बायोस अपडेट करा. त्यातल्या काही चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजने खराब होत होत्या, इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी चिपची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, तेव्हा चिप बदलून मिळू शकते.

रायझनवाल्यांसाठी

रायझनवर सगळे कोअर एकाच आकड्याला लॉक करणं हा बहुतेक वेळा तोट्याचा धंदा आहे. ५९००एक्स चा बूस्ट, म्हणजे एएमडीचा टर्बो, ४.८ आहे, तुम्ही सगळे कोअर ४.५ ला लॉक केले तर रेंडर थोडा सुधारेल पण एक-दोन कोअरवर चालणारी कामं, म्हणजे ब्राउझर, बरेचसे गेम, सगळी मंद होतील, आणि रोजच्या वापरात पीसी आधीपेक्षा सुस्त वाटला तर ते मनाचे खेळ नाहीत. इथे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह हे एएमडीचं सेटिंग चालू करून पॉवर लिमिट वाढवायची, १०५ वॅटच्या एएम४ सॉकेटच्या चिपला मूळची १४२ वॅटची मर्यादा असते आणि ६५ वॅटवाल्याला ८८ ची, आणि झेन ३ पासून (५९००एक्स ची पिढी) पुढे कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज उलट कमी करायचं. व्होल्टेज कमी म्हणजे उष्णता कमी, मग चिप आपणहून वर जाते. यातला फसवा भाग असा की कर्व्ह जास्त खाली नेला तर पीसी लोडवर नाही, निवांत असताना मरतो, रात्रभर रेंडर पास आणि सकाळी कीबोर्डला हात लावल्यावर रीस्टार्ट. शिवाय सगळ्या कोअरना सारखाच आकडा देऊ नका, जे सगळ्यात चांगले कोअर असतात तेच कमी सहन करतात, कारण त्यांना कारखान्यातूनच कमी व्होल्टेज दिलेलं असतं.

आणि रायझनमध्ये व्होल्टेज फार कमी केलं तर एक विचित्र प्रकार होतो. क्रॅश नाही, एरर नाही, क्लॉक अगदी हवा तो, आणि स्कोअर मात्र खाली. व्होल्टेज बसलेलं जाणवलं की चिप स्वतःचे क्लॉकचे ठोके लांबवते, पण कागदावरचा आकडा तोच राहतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये इफेक्टिव्ह क्लॉक म्हणून वेगळी ओळ असते ती बघा, पूर्ण लोडवर ती दाखवलेल्या क्लॉकपेक्षा बरीच खाली असेल तर हाच प्रकार. व्होल्टेज थोडं परत द्या, स्कोअर वर येतो. ७००० सिरीजवाल्यांनी ९५ डिग्री बघून दचकू नये, त्या चिप पूर्ण लोडवर तिथपर्यंत जाऊन थांबतात, तशाच बनवल्यात.

सगळं ठीक आहे, तरी गेममध्ये फरक नाही

मग प्रोसेसर अडवतच नव्हता. एका फ्रेमची तयारी प्रोसेसर ८ मिलिसेकंदांत करतोय आणि ग्राफिक्स कार्डला ती काढायला १४ लागतायत, तर एफपीएस ७१ च. तुम्ही ८ चे ७ केलेत, कार्ड १४ च घेणार, एफपीएस ७१ च. रिझोल्यूशन एकदम खाली आणून बघा, एफपीएस उडी मारून वर गेला तर अडथळा कार्डाचा होता. हललाच नाही तर प्रोसेसर किंवा रॅम, आणि रॅमवर माझा जास्त संशय असतो. ३२०० किंवा ३६०० म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम एक्सएमपी चालू केल्याशिवाय २१३३ किंवा २६६६ वरच चालत बसते, वर्षानुवर्षं लोकांना पत्ता नसतो. दोन स्टिक असतील तर चार स्लॉटच्या बोर्डवर साधारण प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात, शेजारी-शेजारी लावल्या तर एकच चॅनल चालतो. एवढ्यानेच कधीकधी गेममध्ये मल्टिप्लायरच्या दोन-तीन पायऱ्यांपेक्षा जास्त मिळून जातं.

शेवटची एक कटकट सांगून थांबतो. बायोस अपडेट केला की सेव्ह केलेले प्रोफाइल बऱ्याच बोर्डवर उडतात, आणि सगळी मेहनत परत पहिल्यापासून. मी एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या साइड पॅनलच्या आतून चिकटवलाय: ४७, १.३०, एव्हीएक्स शून्य, लोडलाइन मधली, सीन ५:३९. आणि खाली मोठ्या अक्षरात, चारही स्क्रू.